दृष्टी : सामान्य

तुळजापूरच्या स्टँडवर मी त्याला धडकले. अगदी सिनेमातल्यासारखी नाही… माझ्या हातातली पाण्याची भरलेली बाटली त्याच्या पायावर पडली आणि तो "आई गं!" म्हणून ओरडला.

नवरात्र तोंडावर आलेलं. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही आणि माझा जीव टांगणीला. धाराशिवची गाडी लागलीय की निघून गेली, तेच कळेना. माझ्या पायाला भिंगरी बांधलीय असं आई म्हणते ते खोटं नाही. एका जागी उभं राहणं मला जमतच नाही.

"सॉरी हं," मी म्हणाले. "समोरची गाडी कुठली, जरा पाटी वाचून सांगता का? मी चष्मा विसरलेय."

"अरेच्चा! मी तुम्हाला तेच विचारणार होतो. मीपण विसरलोय."

"चष्मा?"

"डोळे. जन्माला येतानाच विसरलो."

तेव्हा मी त्याच्याकडं नीट पाहिलं. नीट म्हणजे माझ्या पद्धतीनं – आधी हनुवटी, मग ते मिस्कील हसू, मग खाली हातातली पांढरी काठी. मला माणूस एकदम दिसत नाही, हप्त्याहप्त्यानं दिसतो. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजरेचा घेर आवळत जाणार. आता समोर ताटलीएवढं दिसतंय, पुढं वाटीएवढं दिसेल, त्यापुढं… त्यापुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कुणाला बोलायचं नाही, हे आईअप्पांनी घरी येताना गाडीतच ठरवून टाकलं. चष्मा मला नाहीच. ती माझी नेहमीची थाप.

त्यानं मोबाइल गाडीकडं धरला. मोबाइल काहीतरी भरभर बडबडला, मला अक्षर कळलं नाही.

"धाराशिव. चला, बसा पटकन. आणि बाटली उचला, माझ्या बुटाशी आहे."

धाराशिवला उतरलो तर दोघांची वाट एकच. दुसरं वळण आलं तरी काठीची टकटक माझ्यापुढंच.

"पाठलाग करताय का माझा?" मी विचारलं.

"मी पुढं चाललोय, बाई. पाठलाग तुमचा चाललाय."

मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शिरले तर शिकवणारा तोच! नंदीश, उमरग्याचा. दहा दिवस आम्हाला मोबाइलची अ‍ॅप तपासायला शिकायचं होतं – अंध माणसाला ती वापरता येतात की नाही ते. एक अंध, एक डोळस अशा जोड्या. अंधाचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवणार, डोळसानं पडदा बघायचा, आणि जे दिसतं पण फोन बोलत नाही, ते दोष म्हणून लिहून काढायचं. ज्यांना जमेल त्यांना पुढं तिथंच काम मिळणार होतं. फॉर्ममध्ये 'दृष्टी' असा रकाना होता. मी 'सामान्य' असं लिहून मोकळी झाले. दोन वर्षांचा सराव होता.

माझ्या जोडीला अणदूरचे महांतप्पाकाका होते. त्यांची पिठाची गिरणी आहे, पीठ चिमटीत धरून जाडंबारीक सांगतात. हॉलवर पत्रे होते. परतीचा पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजायचा की पंधरा फोनांची बडबड ऐकूच येईना. मग वर्ग थांबायचा. आणि वर्ग थांबला की नंदीश आमच्याच बाकावर येऊन बसायचा. दरवेळी आमच्याच.

"पाऊस कसा दिसतो हो?" त्यानं एकदा विचारलं.

"काही विशेष नाही. आवाजच जास्त."

तो इतका हसला की काकाही हसायला लागले. "आजपर्यंत ज्याला विचारलं त्यानं कविता ऐकवली. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

खरं सांगणारी! चोराच्या मनात चांदणं… मी मान खाली घातली. त्याला खाली घातलेली मान दिसणार नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

"तुम्ही आलात की मला लगेच कळतं," तो म्हणाला.

"अत्तर तर लावत नाही मी."

"दाराला एकदा धडकता, बाकाला एकदा."

"धांदरट आहे."

"इतकं?"

त्याचा हात बाकावर माझ्या हातापासून दोन बोटांवर होता. मी माझा मागं घेतला नाही. दिवसभर मग तेवढंच आठवत राहिलं.

घरी गेले की चैन पडेना. उगाच दारात ये, उगाच चुलीपाशी जा, झालेली भाकरी परत उलट. आई म्हणाली, "लग्न ठरायलंय की असंच हुतंय." खरंच ठरत होतं. लातूरच्या स्थळाकडून होकार आला होता, येत्या रविवारी सुपारी फुटणार होती. त्या मुलाला माझ्या डोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त दोन तास सरळ बसायचं, कशाला धडकायचं नाही, इतकंच माझं काम. सुपारी फुटली की मागं फिरणं नाही.

आठव्या दिवशी माझं पितळ उघडं पडलं. तिकीट काढायचं एक अ‍ॅप आम्ही तपासलं होतं. मी झोकात लिहिलं होतं – 'भाषा बदलण्याचं बटन दिलेलंच नाही.' नंदीशनं ते ऐकलं, स्वतःच्या फोनवर बोट फिरवलं. फोन बोलला, "भाषा बदला, बटन." सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात होतं ते. माझ्या ताटलीच्या बाहेर.

"हे भारी आहे," तो म्हणाला. "डोळसाला दिसतं आणि फोनला सापडत नाही, असे दोष शंभर पाहिले. फोनला सापडतं आणि डोळसाला दिसत नाही… हा उलटा दोष पहिलाच!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. नंदीश मात्र हसता हसता थांबला.

वर्ग सुटल्यावर तो बाकापाशी आला. "किती दिसतं?"

"काय?"

"शिवांजली… किती दिसतं?"

"ताटलीएवढं," मी म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. डॉक्टर, गाडी, लातूर, रविवार. मला वाटलं, तो समजूत काढेल. तो बराच वेळ काठीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"म्हणजे माझ्यासारखं होणं ही तुमच्या घरात लपवायची गोष्ट आहे."

"तसं नाही हो…"

"तसंच आहे. आठ दिवस शेजारी बसून हसलात. आणि मी जे आहे ते कागदावर लिहायची लाज वाटली तुम्हाला."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे! तुमचं लपण्यासारखं नव्हतंच."

"व्हय," तो म्हणाला. रागावला की त्याची उमरग्याची बोली वर यायची. "म्हणून तर आमच्या दारात कुणी सुपारी घेऊन येत न्हाय."

तो निघून गेला. मी एसटीत आमच्या जळकोटपर्यंत रडत गेले आणि उतरताना डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं. आणखी एक थाप.

नवव्या दिवशी तो आमच्या बाकावर आला नाही. पाऊस आला, वर्ग थांबला, तो खिडकीत उभा. मला जागेवर बसवेना, उठवेना.

"ताई," काका हळूच म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?"

"माझं तर मावळायचंय, काका."

"मग दिवा आदीच हाताशी ठिवावा की."

शनिवारी, शेवटच्या दिवशी, मी सरळ नंदीशच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. "फॉर्म दुरुस्त करायचाय."

त्यानं फोन काढला. चेहरा अगदी सरकारी. "नाव?"

"माहीत आहे."

"मला माहीत आहे. केंद्राला सांगा."

"शिवांजली बसप्पा बिराजदार."

"दृष्टी?"

तेवढ्यात दारात कुणीतरी खोकलं. तो खोकला मी झोपेतही ओळखेन. मी वळले – आधी मातीनं माखलेल्या चपला, मग रविवारच्या साडीची पिशवी, मग अप्पांचा चेहरा. बाजार करून ते मला न्यायला आले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एवढं मात्र मला स्पष्ट दिसलं.

"अल्पदृष्टी," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि ती कमी होत जाणार आहे."

"दृष्टी, अल्पदृष्टी," फोननं साऱ्या हॉलला ऐकवलं.

"शिवू…" अप्पा म्हणाले.

"अप्पा, उद्या मी त्यांना सांगणारच आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं होईल."

अप्पांनी पिशवी बाकावर ठेवली आणि ते व्हरांड्यात गेले. मला वाटलं, ते घरी निघाले. पण खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"हॅलो, पावनं… जळकोटचा बसप्पा बोलतोय. एक गोष्ट सांगायची ऱ्हायली हुती. ऱ्हायली न्हाय… लपवली. पोरीला कमी दिसतंय… व्हय, फुडं आनी कमी हुनार… न्हाय न्हाय, पोरीची चूक न्हाय. ती बोलायली हुती, आमीच तिच्या तोंडावर हात ठिवला." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. "बरं… कळतंय मला. ठिवतो."

मी लहान मुलीसारखी रडायला लागले. दुःख नव्हतं ते. दोन वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचललं होतं.

"फॉर्म अजून संपलेला नाही," नंदीश म्हणाला. आवाज सरकारी राहिला नव्हता.

"आता काय राहिलं?"

"विवाहित की अविवाहित?"

"ऐकलंत की आत्ताच. लातूर मोडलं."

"भरावं लागतं."

"अविवाहित."

"तसंच ठेवू, की…" तो अडला. सगळ्याला तयार उत्तर असणारा माणूस, आणि बोट नुसतं पडद्यावर टेकवून बसला.

"की काय?"

"मला पुढं बोलता येत नाहीये."

"मग मी बोलते. घरी गेल्यावर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. वाटायचं, डोळ्यांची भीती आहे. ती नव्हती. रविवारनंतर तू भेटणार नाहीस, याची होती."

"तू?" त्यानं विचारलं.

"तू."

"परत म्हण."

"तू, तू, तू! बास?"

"नाही," तो म्हणाला आणि टेबलावरून हात पुढं केला. माझी नजर त्या हातावर जायच्या आत माझा हात त्यात गेला होता.

अप्पा आत आले. डोळे पुसलेले, रुमाल हातातच. आमच्या हातांकडं त्यांनी पाहिलं, आणि मी हात काढला नाही. साडीची पिशवी बाजूला सरकवून ते बाकावर टेकले. पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता, म्हणून त्यांना ओरडूनच विचारावं लागलं.

"उमरग्यात कुनाचा रं तू?"

हा काही होकार नव्हता. पण आमच्याकडं हा प्रश्न उगाच कुणाला विचारत नाहीत. नंदीश ताडकन उभा राहिला, घसा खाकरला, आणि थेट पणजोबांपासून सांगायला लागला.