जादूच्या खेळात गेलेली वायर

"मावशी, वायर गेली."

भाच्याची नवी बायको धापा टाकत नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीच्या खोलीत शिरली, तेव्हा तिकिटं विकणारी मावशी टॅबवर आतलाच जादूचा खेळ बघत होती; भाचा तो इंटरनेटवरून घरोघरी लाइव्ह दाखवत होता. टाळ्या भिंतीतून आधी ऐकू येत आणि टॅबवर मागाहून वाजत. एका तिकिटात दोन खेळ पाहिल्याचं मावशीला समाधान. आत्ताही जादूगार टोपीतून मजेत कबुतरं काढत होता.

"कुठली वायर?"

"बोळातल्या इंटरनेटच्या डब्यातून आपल्या टेबलाकडे येणारी. कुणीतरी उपटून नेली. लाइव्ह बंद पडलं."

तेवढ्यात भाच्याने मावशीकडे ठेवायला दिलेला फोन वाजला. भिडू होता, भाच्याचा धंद्यातला जोडीदार. आज तापाने घरी पडलेला.

"मावशी, चित्र गेलं ना? पडल्या पडल्या बघत होतो, एकदम काळोख. जीव तुटला."

"गोळी घे आणि झोप," म्हणून मावशीने फोन ठेवला. टॅबवरचं कबुतर अर्धं टोपीत, अर्धं बाहेर असं थिजलं.

आजचं लाइव्ह नीट झालं तर वर्षभराचे खेळ भाच्याचे, नाहीतर त्याच्या थोरल्या भावाचे, दादाचे, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. दादाचा कॅमेरा उचलायला दोन माणसं लागत आणि तिसरा त्यांना वारा घालायला. धाकट्याचा सगळा संसार जेवणाच्या डब्यात मावे: चार जुने फोन आणि एकावरून दुसऱ्यावर चित्र बदलायचं तळहाताएवढं यंत्र. लोक कौतुक करीत ते त्या डब्याचं. दादाचा जळून असा कोळसा झाला होता, की शेजाऱ्यांनी त्यावर पाणी तापवावं.

मध्यंतर झालं. मावशीने आधी दादालाच गाठलं.

"वायर गेली तेव्हा कुठे होतास?"

"पहिल्या रांगेत. जादूगाराने माझंच घड्याळ गायब केलं, साऱ्यांनी पाहिलं. आणि त्याची खेळणी बंद पाडायला मी कशाला हवा? ती आपली आपण पडतात."

मग लाइटवाला. सकाळीच त्याचं आणि भाच्याचं प्लगवरून वाजलं होतं.

"मी वर माळ्यावर, मावशी. खाली येणार कसा? शिडी तुमच्या भाच्याने नेली, तिच्यावर फोन बांधायला."

भाचा बोळातल्या वाळूच्या बादलीतून वायर काढून घेऊन आला. नीट गोल केलेली: एक वेढा सुलट, एक उलट, वर पट्टी. त्याच्या मागोमाग शाल पांघरून भिडू आला. "राहवलं नाही," म्हणाला.

मावशीने वायर सोडली आणि लाइटवाल्याच्या हाती दिली. "गुंडाळ."

त्याने ती कोपराभोवती भराभर गुंडाळली.

"दादाची माणसंही अशीच गुंडाळतात," मावशी म्हणाली. "पीळ पडू नये म्हणून सुलट-उलट वेढे घालता ते तुम्ही तिघंच. भाचा रंगमंचापुढे होता, त्याची बायको टेबलापाशी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उरला कोण? चोरी करतानाही तुझ्याने वायर चुरगाळवली नाही, भिडू."

"वेढे कुणीही शिकेल. मी घरी होतो."

"घरी बघणाऱ्यांना चित्र उशिरा दिसतं. आत टाळी पडली की माझा चष्मा पुसून होतो, तेव्हा ती टॅबवर येते. तुझा फोन आला तेव्हा माझ्याकडे अजून कबुतरं निघत होती. साऱ्या जगात चित्र चालू, आणि काळोख तेवढा तुझ्या पलंगावर?"

भिडूने शाल काढली. ताप नव्हताच.

"ते यंत्र मी शोधलं," तो भाच्याला म्हणाला. "भंगारातून फोन मी निवडले. पहिल्या दिवसापासून बटणांवर मी बसलो. तुझं लग्न झालं आणि खुर्ची वहिनींची. मला म्हणतोस, तू जरा वायरी बघ. बघितल्या."

"आपल्या दुकानाची चावी इथे ठेव आणि चालू लाग," भाचा म्हणाला.

वायर जोडली. उत्तरार्धात बायकोने करवतीचा खेळ असा दाखवला, की घरोघरी लोकांनी आपापली पोटं चाचपली. व्यवस्थापकाने वर्षभराचे खेळ भाच्याला दिले.

बाहेर अंगणात दादाने भिडूच्या खांद्यावर हात टाकला होता.

"उद्यापासून माझ्याकडे ये. बटणांवर तूच."

ते ऐकलं आणि वर्ष जिंकलेल्या भाच्याचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, हा त्याला नेतोय."

"नेऊ दे," मावशी म्हणाली. मग दादाकडे वळली. "ने बाबा. पण एकदा बसवलंस की उठवू नकोस."