हळू वाजलेली रेकॉर्ड

ती रेकॉर्ड इल्वाला सापडली इमारतीच्या तळघरात, कचऱ्याच्या खोलीशेजारच्या फळीवर. आपल्याला नकोशी झालेली पण धडधाकट वस्तू त्या फळीवर ठेवायची आणि ज्याला हवी त्याने खुशाल न्यायची, असा तिथला शिरस्ता. एरवी तिथे कानतुटके कप नाहीतर कुणाचे स्केटिंगचे बूट असायचे. त्या दिवशी मात्र एकसारख्या रेकॉर्डींचा गठ्ठाच होता, एकीचंही प्लॅस्टिक फाडलेलं नव्हतं. कव्हरवर धुक्यातली फेरीबोट, आणि बँडचं नाव 'धक्क्यावरचे दिवे'. पहिलाच अल्बम होता त्यांचा. तिने हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. तरी एक उचलली... फुकटचं कोण सोडतं?

इल्वा ग्योतेबोर्ग शहरात ट्राम चालवायची. पहाटेची पाळी, दुपारी घरी. वसंतात आई गेली तेव्हापासून तिच्या अंगात नुसता शिणवटा भरून राहिला होता. हाडं दुखायची, डोळे जळायचे, पण झोप म्हणून लागायची नाही. बाहेर बर्फमिश्रित पावसाची पिरपिर. तिने कोटसुद्धा न काढता आईच्या जुन्या प्लेयरवर ती रेकॉर्ड लावली आणि सोफ्यावर अंग टाकलं.

यंत्रांचंच संगीत होतं, पण किती मऊ! कुणीतरी दमून एकेक पायरी चढावी तसा ठेका, आणि त्यावर एक खोल, रेंगाळणारा आवाज. हा माणूस माझ्याइतकाच थकलाय, तिला वाटलं, आणि तरी गातोय बिचारा. पहिली बाजू संपायच्या आत ती गाढ झोपली होती.

मग ते रोजचंच झालं. प्रेमात पडायला समोर चेहरा लागतो असं थोडंच आहे? सिग्नलला थांबल्या थांबल्या ती त्या आवाजाचा चेहरा मनात रंगवायची. डोळ्यांखाली काळं असणार. बोलणं कमी असणार. आणि घरी आली की सोफा, रेकॉर्ड, झोप.

गुरुवारी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत तिची वेळ ठरलेली होती. गेली तर सुकवायच्या मशीनमध्ये दुसऱ्याचेच कपडे गरगरताहेत! त्या इमारतीत याहून मोठा गुन्हा नव्हता. गुन्हेगार बाजूलाच उभा होता. खालच्या मजल्यावरचा एस्किल, उंच, लोकरी टोपी घातलेला. जिन्यात मान हलवण्यापलीकडे दोघांची ओळख नव्हती. त्याने आधी माफी मागितली, मग टोपीशी चाळा करत घुटमळला.

"दुपारी रेकॉर्ड तूच लावतेस ना?"

"आवाज मोठा होतो का?"

"नाही. तक्रार नाहीये... म्हणजे, आहे. तू चुकीच्या वेगावर लावतेस. ती पंचेचाळीसवर लावायची असते, तू तेहतीसवर लावतेस."

इल्वाचं डोकंच फिरलं. प्लेयरवरचा वेगाचा खटका आईने ठेवला होता तसाच तिने ठेवला होता, त्याला बोटही लावलेलं नव्हतं.

"गाणारा दमलाय," ती फणकारली. "ते कळायला कान लागतात."

"तेव्हा दमला नव्हता तो."

"तुला काय माहीत?"

तो हातातल्या मोज्यांकडे बघत राहिला. "मीच गायलोय ते."

मशीन थांबलं. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याने सगळं सांगून टाकलं. तिघा मित्रांचा बँड, चार वर्षांची मेहनत, आणि विकत घेणारे जवळजवळ सगळे नातेवाईकच. दोघे मित्र नोकरीत, पोराबाळांत गुंतले, न खपलेल्या रेकॉर्डींची खोकी पडली याच्या गळ्यात. आता यालाही कंटाळा आला होता. शनिवारच्या गाडीने तो दूर उत्तरेतल्या उमेओला भावाकडे चालला होता, खिडक्या बसवायच्या कामावर. म्हणून तर गठ्ठा फळीवर ठेवला.

"पहिल्यांदा वाटलं, माझी चेष्टा करतेयस," तो म्हणाला. "मग रोज दुपारी... वाटच बघायला लागलो."

इल्वाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती घाईघाईने धुण्याची बादली उचलून वर आली. कपडे न धुताच.

घरी येऊन तिने तो खटका सरकवला. गाणी उड्या मारत निघाली. ठेका धावत होता, आवाज कोवळा, हसरा, जग खिशात असल्यासारखा. वाईट नव्हतं काही. पण तिला झोपवणारा माणूस त्यात कुठेच नव्हता! आपण इतके दिवस जीव लावला तो मुळात नव्हताच की काय? तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तो भेटला, तेव्हा तिला खोटं बोलवेना. खऱ्या वेगावर ऐकली आणि आवडली नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं. एस्किल मोठ्याने हसला.

"मलाही नाही आवडत आता. छतातून तुझी ती हळूवाली ऐकू यायची ना... हल्ली मी तसंच गातो. एकटाच असतो तेव्हा."

'मग जाऊ नकोस' एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण तोंडातून निघालं ते, "प्रवास सुखाचा होवो." शाब्बास इल्वा, तिने स्वतःलाच सुनावलं.

शनिवारी त्यांच्या इमारतीजवळच्या मारियाप्लानच्या थांब्यावर तो नेमका तिच्याच ट्राममध्ये चढला. एका हातात बॅग, पाठीवर कीबोर्डची लांबलचक पिशवी. चालकाशी बोलायची मनाई, मध्ये काच. तो काचेमागेच बसला आणि आरशातून दोघांची नजर भिडली, सुटली... पुन्हा भिडली.

ट्राम रेंगाळायला लागली. वायरलेसवरून विचारणा झाली, उशीर का होतोय? रुळांवर पानं पडलीत, घसरतंय, तिने सांगितलं. नोव्हेंबरात ते कुणालाही पटतं. मागे कुणीतरी घड्याळ बघून पुटपुटलं. आपण हे काय करतोय, ते तिला चांगलंच कळत होतं.

मध्यवर्ती स्टेशन आलं. दारं उघडली. आरशात बघायचा तिला धीर होईना. बॅगा घसटत गेल्याचा आवाज, गार वारा... मग तिने दारं लावली आणि डोळे वर केले.

तो तिथेच होता.

टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेले. इल्वा काचेबाहेर आली.

"तुझी गाडी चुकली."

"तू ट्रामच इतकी हळू चालवलीस."

"रुळांवर पानं होती."

"थापा मारतेस."

"मारते," ती म्हणाली, आणि मग कालपासून अडलेलं सगळं एकदम सुटलं. "मला तुझी रेकॉर्ड नाही आवडली, एस्किल. तू आवडतोस. राहा ना."

 तो थोडा सरकला, तिला जागा करून दिली. मग खाली बघत हलक्या आवाजात त्याने तेच पहिलं गाणं म्हणायला घेतलं. हळू, अगदी हळू. तिच्या प्लेयरवर होता तितका खोल नव्हता आवाज, एका जागी तर चिरकलाही. पण थकवा तोच होता, आणि तरी गात राहणंही तेच. इल्वाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

वायरलेस खरखरला. निघायची वेळ झाली होती.

"स्टेशनवर उतरायचंय?" ती उठता उठता म्हणाली.

"नाही. मारियाप्लानला."

परतताना ट्राम अगदी वेळेवर धावली.