चाळलेली पावडर

ते शटर अर्धं खाली ओढा आणि आत येऊन बसा. चहा सांगितलाय. तुम्ही तिघं मिळून प्रिंटर दुरुस्तीचं दुकान टाकताय, कार्ट्रिज भरून द्यायचा धंदा करणार म्हणताय, चांगलं आहे. पण मग ही एक गोष्ट कानावरून गेलेली बरी. ऐकीव नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस कित्येक वर्षं याच बाकावर बसून कागदाची रिमं नेत होता, आणि त्यानं ती सांगितली तेव्हा समोरच्या चहाला तोंड लावलं नाही.

त्याला बाजारात सगळे वैद्य म्हणायचे. आडनाव नव्हे, बाजारानं दिलेला हुद्दा. प्रिंटर बिघडला की हा आधी झाकण उघडायचा नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मशीनची नाडी बघतोय म्हणायचा. गियरचा दात गेलाय, बेअरिंग कोरडं पडलंय की पावडरीच्या गुठळ्या होऊन मोटरला ओढ बसतेय, सगळं कानानं सांगायचा. पथ्यपाणी तेवढं सांगत नव्हता, एरवी अस्सल वैद्य. माणूस गोड, हात सफाईदार. खोड एकच. टाकायचं ते त्याच्यानं टाकवत नसे.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, काळी पावडर असते, पिठाहून बारीक. ती ड्रमवर बसते, ड्रमवरून कागदावर जाते, आणि तापलेल्या रुळाखाली वितळून कागदाला धरते. पण सगळी काही जात नाही. ड्रमवर मागे राहते ती एक पातं खरवडून काढतं आणि बाजूच्या बाटलीत लोटतं. धंद्यातले लोक तिला वेस्ट म्हणतात. वैद्याची बायको तिला उष्टी पावडर म्हणायची, आणि तिचंच बरोबर होतं. तिच्यात कागदाचा भुसा असतो, धूळ असते, केस असतात, कागद हाताळणाऱ्यांच्या अंगाचा कोंडा असतो. ती फेकून द्यायची असते. वैद्य ती चाळून नव्या पावडरीत मिसळायचा आणि पुन्हा लोकांच्या मशीनमध्ये घालायचा.

चाळायचं काम त्याच्या सख्ख्या काकाकडे. म्हातारा दुकानामागच्या खोलीत बसून जुन्या मलमलीतून ती उष्टी पावडर गाळायचा. तोंडाला फडकं बांधलेलं, पण ते कायम हनुवटीखाली. कारण काकाची एक पद्धत होती. चाळून झालं की चिमूटभर जिभेवर ठेवायची, टाळूला लावून चोळायची. नवी पावडर गुळगुळीत लागते, उष्टी खरखरते, असं त्याचं शास्त्र. खरखर गेली की माल पास. मग शेजारच्या पत्र्याच्या डब्यात थुंकायचा. काळं, तार सुटलेलं. तो डबा वैद्याच्या बायकोनं एकदा पाहिला आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिनं काकांचं ताट-वाटी वेगळी केली, नवऱ्याला म्हणाली, तुम्ही त्या मशिनींना उष्टं भरवता आणि मशिनी या म्हाताऱ्याला. वैद्य हसला. तो सगळ्याला हसायचा.

पुढं काकाला खोकला धरला. भिंतीपलीकडून रात्रभर ऐकू यायचा, त्याला एक ठरलेली लय होती. दोन आखूड, मग एक लांब ओढ, मग आत काहीतरी ओलं फिरल्यासारखा आवाज. आणि मग थुंकी. पण मलमल काही सुटली नाही. शेवटच्या आठवड्यात त्यानं वैद्याला जवळ बोलावलं आणि एका डब्याकडं बोट केलं.

"हा भरू नकोस रे बाबा. चाळताना ढास लागली. याच्यात माझं पडलंय."

वैद्य हो म्हणाला. काका गेले. डबा राहिला.

परीक्षांचा हंगाम आला, बाजारात पावडर मिळेनाशी झाली. गावातल्या मोठ्या शाळेला वैद्यानं मशीन भाड्यानं दिलेलं होतं, सगळ्या वर्गांच्या प्रश्नपत्रिका त्यावरच निघायच्या. त्यानं तो डबा उघडला. वर पापुद्रा धरला होता. तो चमच्यानं फोडला, गुठळ्या चिरडल्या, दोनदा चाळलं. मलमलीला काहीतरी चिकट लोंबत राहिलं, ते त्यानं बोटानं झटकून टाकलं. मग कार्ट्रिज भरलं आणि शाळेला पाठवून दिलं.

रविवारची रात्र होती. सोमवारी सकाळी आठला पहिला पेपर. साडेनऊच्या सुमाराला शाळेच्या हेडक्लार्कचा फोन आला की पानांवर डाग येतायत, ताबडतोब या. वैद्य पिशवी उचलून गेला. मुख्याध्यापिका बाई फाटकातच उभ्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की सकाळी सहाशे मुलं बाकांवर बसतील, तेव्हा पेपर नसले तर तुम्ही या फाटकात पुन्हा दिसायचं नाही. आणि ही शाळा गेली की त्याची मशीनं असलेल्या बाकीच्या चारही शाळा जाणार, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. वैद्याचं निम्मं घर त्या शाळांवर चालत होतं.

शाळेची एक रीत होती. पेपर छापले जात असताना आत असलेल्याला बाहेर यायची मुभा नाही. छपाईच्या खोलीच्या खिडक्यांना आतून कागद चिकटवलेले. फोन बाहेर जमा करायचा. काम संपेपर्यंत दाराला बाहेरून कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आणि दार फक्त बाई आल्यावरच उघडायचं. हेडक्लार्क जाड, थट्टेखोर माणूस. कुलूप लावता लावता म्हणाला, "घाबरू नका वैद्यबुवा, आत तुम्ही आणि तुमचा पेशंट. कोण आधी मरतंय ते सकाळी बघू."

त्याच्या चपलांचा आवाज लांब जाऊन थांबला. वैद्यानं एक पान काढून पाहिलं. मजकूर स्वच्छ, पण मधोमध राखाडी फराटा. एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळता. थोड्या अंतरावर तसाच दुसरा, मग तिसरा, चौथा.

तो निर्धास्त झाला. असे डाग म्हणजे रोजचं दुखणं. मशीनमधला जो रूळ खराब असेल तो दर फेऱ्याला कागदावर तोच डाग उमटवतो, म्हणून दोन डागांमधलं अंतर मोजलं की कुठला रूळ ते कळतं. त्यानं पट्टी काढली आणि मोजलं.

पहिलं आणि दुसरं अंतर सारखं, आखूड. तिसरं लांब.

असं होत नाही. रूळ गोल असतो, त्याला एकच घेर असतो. त्यानं दुसरं पान काढलं. दोन आखूड, एक लांब. तिसरं पान. तेच. वाटलं, मोटर वेग सोडतेय. पण या मोटरचा वेग एक छोटं सर्किट धरून ठेवतं, ती एका चालीनं फिरते नाहीतर बंद पडते, मधलं काही नसतं. तरी त्यानं स्क्रूड्रायव्हर मोटरला टेकवला आणि मूठ कानाशी नेली.

मोटर ठीक होती. एकसारखी, गुणगुणणारी.

तिच्या मागे आणखी काहीतरी होतं.

दोन आखूड. एक लांब ओढ. मग ओलं काहीतरी फिरलं.

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मशीन बंद केलं, प्लगची पिन भिंतीतून काढली. हातावर काटा होता, पण तो स्वतःशीच म्हणाला, कान वाजतायत, दिवसभर काम झालंय. छापलेलं पान त्यानं पुन्हा उचललं आणि फराट्यावरून अंगठा फिरवला. तुम्ही छापील पान हाताळलंय ना, वितळून बसलेली पावडर हाडासारखी कोरडी असते.

ही ओली होती. अंगठा उचलला तर तार सुटली.

बारीक. राखाडी. कागदापासून अंगठ्यापर्यंत.

त्यानं पँटीला हात पुसला आणि वास घेतला. घ्यायला नको होता.  मग त्याच्या लक्षात आलं की फराट्याचा आकार आपण आधी ओळखायला हवा होता. रुंद, मग निमुळता. खालून वर ओढलेला. कुणीतरी कागद आतून जिभेवरून घेतल्यासारखा.

पास आहे की नाही, ते बघतंय कुणीतरी...

त्यानं झाकण उघडलं. झाकण उघडं असताना मोटर चालत नाही, तिथं एक बटण असतं, ते वर आलं की वीज तुटते. उष्ट्या पावडरीची बाटली त्यानं कार्ट्रिजसोबत रिकामीच पाठवली होती. ओढली तर जड. कोमट. बाटली पारदर्शक, पण आतलं काळं पावडरीसारखं हलत नव्हतं. एका बाजूला कललं आणि सावकाश परत आलं. त्यानं बूच फिरवलं.

आत पावडर नव्हती. काळा, घट्ट, बुडबुड्यांचा कफ. त्यात पांढरे केस गुंडाळलेले. आणि वर एक मलमलीचा धागा.

तो कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत ओकला. पोटातलं सगळं गेलं तरी ओकारी थांबेना. बादलीवर वाकलेला असतानाच मागे मोटर सुरू झाली.

झाकण उघडं होतं. मशीन बंद होतं. पिन भिंतीतून ओढून त्यानं स्वतः टेबलावर ठेवली होती.

सर्किटनं धरलेल्या चालीनं नाही. हळू. थांबत. दोन आखूड...

तो दाराशी धावला, दार बडवलं. वॉचमन लांब फाटकाजवळ. कुणी आलं नाही. हाका मारून घसा बसला तेव्हा त्यानं पाठ दाराला लावली आणि बघत राहिला. उघड्या तोंडातून ड्रम फिरताना दिसत होता. हिरवा, चकचकीत. त्याच्यावर काळं काहीतरी चढायचं, पातं ते खरवडायचं. ते पुन्हा चढायचं.

मग मोटर थांबली.

कागद नसलेल्या ट्रेमधून काहीच बाहेर आलं नाही. फक्त ट्रेच्या कडेवर चिमूटभर पावडर साठली. एका ढिगात. नीट. कुणीतरी बोटांनी ठेवावी तशी.

काका माल दाखवायचे तेव्हा वैद्याच्या समोर पाटीवर अशीच चिमूट ठेवायचे. आणि म्हणायचे, चाख.



किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की आपण चालत टेबलाशी गेलो. बोट पुढं केलं. नको म्हणत होतो, पण बोट गेलं. त्यानं ते जिभेवर ठेवलं. टाळूला लावलं. चोळलं.

खरखर नव्हती. ते विरघळलं. कोमट, खारट, आणि जे दुसऱ्याच्या तोंडातून माणसाच्या जिभेवर कधीच येऊ नये ते. जिभेवर पसरलं, दातांच्या फटींत गेलं, घशाकडं सरकलं. त्या क्षणी त्याला ती सहाशे मुलं दिसली. पान उलटताना बोट जिभेला लावणारी. पेन्सिल चावणारी. डुलकी आली की पेपरावरच गाल टेकणारी.

आपण काय करून ठेवलं होतं, ते त्याला तोंडात कळलं.

पिशवीत एक सीलबंद नवं कार्ट्रिज होतं, उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं. त्यानं ते फोडलं. जुनं कार्ट्रिज, बाटली, डाग पडलेली सगळी पानं, सगळं पिशवीत कोंबून गाठ मारली. नवा ड्रम आणि रिकामी बाटली बसवली. रूळ पुसले, पातं पुसलं, ट्रे पुसला, सुती कापडाचा एक एक तुकडा एकदाच वापरून टाकून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही टाकताना हात आखडला नाही. मग पिन लावली आणि बटण दाबलं.

पान स्वच्छ आलं. दुसरंही. मोटर एका चालीनं गुणगुणत राहिली आणि पहाटेपर्यंत तिनं एकदाही श्वास घेतला नाही.

सकाळी बाई आल्या, कुलूप निघालं. त्यांनी पानं उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. शाळा वाचली. गठ्ठे त्यांच्यासमोर मोजले, पाकिटांत घातले, लाखेनं बंद केले. हेडक्लार्कनं वैद्याच्या तोंडाकडं बघून पेशंटनं तुम्हालाच लागण केली की काय, अशी काहीतरी थट्टा केली. वैद्यानं पिशवी उचलली आणि वाट धरली. घरी जाऊन त्यानं सगळा उष्टा माल मागच्या परसात खड्डा खणून पुरला, मलमलीसकट. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं चूळ भरायला तांब्या पुढं केला. एक तांब्या पुरला नाही.

साडेअकराला मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पेपर सुरळीत झाला, म्हणाल्या. छपाईबद्दल तक्रार नाही, एक अक्षर पुसट नाही. फक्त एक विचारायचं होतं.

"बंद केल्यावर पाकिटं कुणी उघडली होती का?"

कुणीच नाही. सील तर त्यांनी स्वतः वर्गावर्गात जाऊन फोडलं होतं.

"मग प्रत्येक पानाचा खालचा कोपरा ओला कसा होता?"

सगळ्या वर्गांत. सगळी पानं. कुणीतरी अंगठा थुंकीनं भिजवून एक एक पान मोजलं असावं तसा गोल ठसा. काळा नाही, नुसता ओला. मुलांनी बोटं कपड्यांना पुसली. लहान वर्गातल्या दोघींनी बोटांचा वास घेतला आणि त्यांना बाहेर न्यावं लागलं.

वास कसला होता, ते बाईंनी सांगितलं नाही.

वैद्य फोन ठेवून पुन्हा तांब्याकडं गेला.