संध्याकाळी सहा वाजता, लुम्पिनी बागेत

संध्याकाळी सहाला बागेतल्या कर्ण्यांवर राष्ट्रगीत लागतं आणि धावणारे, रेंगाळणारे, भांडणारे, सगळे जागच्या जागी थांबतात. बँकॉकमध्ये वाढलेल्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही. पाय आपोआप थांबतात. त्या दिवशीही माझे थांबले… आणि मागून येणारा एकजण माझ्यावर आदळता आदळता राहिला.

समोर तळ्याकाठच्या वाटेवर एक भलीमोठी घोरपड आडवी पसरली होती. ती आमची रोजचीच.

"चावते का?" मागून कुजबुज आली.

राष्ट्रगीत चालू होतं.

"मी पण हलत नाही… पण किती वेळ?" असं म्हणत त्यानं माझ्या बाहीचं टोक घट्ट धरलं.

मला हसू फुटत होतं आणि हसायची सोय नव्हती. गीत संपलं, सगळे पळायला लागले, तरी हा आपला उभाच.

"राष्ट्रगीत होतं," मी म्हटलं. "घोरपडीसाठी इथे कुणी थांबत नाही. बाही सोडा आता."

त्याचे कान लाल झाले. नाव इसुरु, श्रीलंकेतल्या गॉलचा, आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकलेलं. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. आ वासून गप्प पडलेली माणसं दिवसभर बघायची आणि कुठे दुखतंय ते त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायचं. बडबड्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो दिसला तेव्हा मी धावण्याचा वेग जरा कमी केला. का, ते विचारू नका.

मग रोज धावून झालं की फाटकाबाहेर नोई मावशीच्या गाडीवर कच्च्या पपईचं सोम तम, म्हणजे झणझणीत कोशिंबीर.

"मावशी, परदेशी आहे. मिरची बेतानं."

मी काय सांगितलं ते कळल्यावर त्याला रागच आला. "बेतानं? एवढी तर आमच्याकडे बाळाच्या पेजेत असते!"

पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले.

"तिखट लागलं?"

"छे! तुमचं शहर सोडून जायचं, म्हणून… आत्तापासूनच रडू येतंय."

मावशी थाईत म्हणाली, "दाओ, हा कुणाचा गं?"

"वाट चुकलेला आहे."

"मग पोचव की घरी. तुझ्या!"

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"म्हणाल्या, पपई संपली."

शेवटच्या दिवशी तो पाठीवर पिशवी घेऊनच बागेत आला. इथूनच विमानतळावर जायचं होतं. 'नीट जा' एवढंच म्हणायचं मी ठरवलं होतं. प्रवासी येतात, जातात. या शहरात कुणाकुणासाठी रडत बसायचं?

"दाओ… मी परत आलो — शहर बघायला नाही, तुझ्यासाठी आलो — तर चालेल तुला?"

मी तोंड उघडलं… आणि कर्णे वाजले.

तो चटकन ताठ उभा राहिला. आता त्याला रीत ठाऊक होती. मान सरळ, ओठ मिटलेले, डोळे तेवढे माझ्याकडे. दुखरी जागा मला लगेच दिसली. आणि पंचाईत अशी, की तिथेच मलाही दुखत होतं. उद्या ही वाट, हे तळं, ती घोरपड, सगळं असणार आणि हा नसणार. मला ते मुळीच नको होतं. मला तो हवा होता.

शाळेत असल्यापासून मी राष्ट्रगीताला कधी हलले नव्हते. त्या संध्याकाळीही समोरच बघत राहिले, मान ताठ ठेवून. फक्त हात हळूच बाजूला नेला आणि दोन बोटांनी त्याच्या बाहीचं टोक धरलं.

गीत संपलं. लोक आम्हाला वळसा घालून धावू लागले.

"तू… तू हललीस!"

"कोण, मी? घोरपड असेल."

"आणि माझं उत्तर?"

"लवकर ये," मी म्हटलं. "मिरची बेतानं घालायला सांगते."

बाही मी अजून सोडली नव्हती.