चार पोती कचरा

लुंबिनी पहिल्या एसटीनं लातूरहून नांदेडला आली, तेव्हा पंचशीलाताई सोनकांबळेंच्या ऑफिसात अजून चहासुद्धा झाला नव्हता. खासगी तपासाचं ते ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. तिथं बहुतेक वेळा मुलीचे बाप यायचे, होणारा जावई पितो की नाही एवढं विचारायला. या चौकशांना मल्लिनाथ इतका विटला होता, की खरी भानगड घेऊन कोणी आलं तरी त्याला आधी जांभईच यायची. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तो ताईंची गाडी चालवायचा आणि न मागितलेले सल्ले द्यायचा.

"ताई, मालक मला दगाबाज म्हणले हो. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर," लुंबिनी म्हणाली. "आता बाजारात कुणी झाडू बी हातात देईना."

ती लातुरात संगप्पाच्या मोठ्या किराणा दुकानात कचरा वेगळा करायची. संगप्पाला 'झीरो वेस्ट'चं प्रमाणपत्र हवं होतं. म्हणजे दुकानातलं काहीही उकिरड्यावर जाता कामा नये. खोकी भंगारवाल्याला, सडकी भाजी मागच्या अंगणातल्या खतखड्ड्यात.

"आणि बाकीचं?" ताईंनी विचारलं.

"चकचकीत पुड्या, चिकटपट्ट्या, थर्माकोल. त्याचं काईच होत न्हाई. रोज चार पोती निघतात. मी तोंड बांधून मागच्या खोलीत ठेवते. सकाळी नसतात. घंटागाडी नेत आसंल म्हणून मी बी कधी विचारलं न्हाई."

तपासणी आज बुधवारी ठरली होती. निरीक्षक बाई कालच, न सांगता आल्या. त्यांनी खतखड्ड्यात काठी घातली आणि पाल्याखाली चार पोती लागली. तिनंच ती लपवली म्हणून संगप्पानं लुंबिनीला तिथल्या तिथं काढून टाकलं. बाई आज पाच वाजता शेवटचा शेरा लिहिणार होत्या.

"गाडी काढ," ताई मल्लिनाथला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कसलाच उत्साह नव्हता.

अहमदपूर मागं पडलं तशी मल्लिनाथच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. परवाच येळवस झाली होती. त्या अमावस्येला लातूरकडचा सगळा मुलूख दुकानं बंद करून रानात जेवायला जातो.

"मेव्हण्याच्या रानात गेलो होतो ताई. ह्या रस्त्याला एक रान रिकामं न्हवतं. दिवेलागणीपर्यंत माणूसच माणूस. आन् गावात कुत्रं बी दिसंना. शेंगा-पाल्याची ती भज्जी एवढी हाणली, की अजून पोट जागेवर न्हाई."

ताई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असतील, असं समजून तो गप्प झाला.

लातुरात संगप्पा दुकानाच्या वरच राहायचा. "येळवसला घरचे सगळे औशाला, रानात. माझा गुडघा धरलेला, मी एकटाच हितं. गल्लीत चिटपाखरू न्हवतं."

"घंटागाडी पोती नेते का?"

"ती तर आठ महिन्यांपासून बंद केली, प्रमाणपत्रासाठी. पोत्यांचं आमचा मॅनेजर भागवत बघतो. मी एवढंच सांगितलंय, पोतं दिसलं न्हाई पायजे."

भंगारवाला दयानंद खोकी मोजत होता. "पोत्याला कोण विचारतंय, बाई? आन् आमाला कुठलं रान? येळवसला बी गोडाऊन उघडं ठेवून बसलो. कुणी आलं न्हाई, कुणी गेलं न्हाई."

व्यवस्थापक भागवत रोज चाकूरहून पिकअप घेऊन यायचा. सकाळी स्वतःच्या रानातली भाजी आणायचा, रात्री रिकामी गाडी घेऊन परतायचा. माणूस अदबीचा होता. ताईंना खुर्ची त्यानंच दिली.

"येळवसच्या आदल्या दिवशी लई गर्दी. नऊला कुलूप लावलं आन् घर गाठलं. येळवसला पन्नास माणूस जेवायला होतं, ताई. आठ दिवस आधीपासून रान साफ करत होतो. जुना आड होता, पोरं पडतील म्हणून तो बी बुजवला."

"बरं केलंत," ताई म्हणाल्या.

बाहेर येताच मल्लिनाथनं निकाल दिला. "दयानंदच. गाव ओस आन् हा गोडाऊन उघडून बसतो?"

ताईंनी फक्त पाणी मागितलं.

पाच वाजता निरीक्षक बाईंसमोर सगळे मागच्या खोलीत जमले.

"रोज जाणारी पोती नेमकी येळवसलाच का अडकली, एवढंच मी शोधत होते," ताई म्हणाल्या. "घंटागाडी बंद आहे. दयानंद नेत असता, तर त्याचं गोडाऊन उघडं होतं आणि बघायला कोणी नव्हतं. संगप्पा गावात कुठं टाकत असते, तर त्यांना असा दिवस वर्षात दुसरा मिळाला नसता. येळवसला अडचण एकाच माणसाची होते. जो रानात टाकतो, त्याची. एरवी रान रिकामं असतं. त्या दिवशी तिथं माणूस मावत नाही, हे मल्लिनाथनंच मला सांगितलं."

मल्लिनाथला आपण काय सांगितलं ते आत्ता कळलं.

"भागवतराव, रात्री तुमची पिकअप रिकामी जात नव्हती. आडात वर माती आहे. खाली काय आहे?"

भागवतनं पिकअपची किल्ली खाली ठेवली. "पोतीच हायेत. आठ महिन्यांची. आड बुजल्यावर, आदल्या राती ही चार नेली असती तर पाहुण्यांसमोर ठेवायची कुठं? मागच्या खोलीत मालकाची चक्कर असते, म्हणून खड्ड्यात सारली. मंगळवारी राती नेणार होतो, तर बाई सकाळीच आल्या." त्यानं संगप्पाकडं बघितलं. "मालक म्हणले होते, पोतं दिसलं तर तू दिसायचा न्हाईस. माझी बी लेकरं हायेत."

"आणि लुंबिनीला हाकललं तेव्हा?"

"तवा बी लेकरंच आठवली," भागवत म्हणाला. मल्लिनाथला त्याचा राग आला आणि कीवही आली. दोन्हींनी तो थकून गेला.

"आधी आड उकरा," निरीक्षक बाई म्हणाल्या. "प्रमाणपत्राचं पुढच्या वर्षी बघू." त्यांनी फाइल मिटली.

संगप्पानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "लुंबिनी, झालं गेलं इसरून जा. उद्यापासून ये कामाला."

लुंबिनी जागची हलली नाही. "भरल्या दुकानात दगाबाज म्हणलात, मालक. आता खोलीत बोलावून चांगली म्हणता व्हय?"

शेवटी संगप्पा लंगडत गल्ल्यापाशी गेला. संध्याकाळची वेळ, वीसेक गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती. त्यानं घसा खाकरला.

"खड्ड्यातली पोती लुंबिनीनं लपवली न्हवती," तो पुटपुटला. "ती आमी लपवली."

"मालक, ऐकू आलं न्हाई," रांगेतून एक म्हातारी म्हणाली.

संगप्पाला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.