मंजुळाची रजा

तिसऱ्या मजल्यावर मंजुळाच्या हातून कागद निसटला आणि जिन्यावरून थेट तळमजल्यापर्यंत उलगडत गेला. प्रिंटरचा तो लांबलचक, कडेला भोकं असलेला कागद! "अगं बाई, अगं बाई" करत ती एक टोक धरून खाली धावली, तर दुसरं टोक हातात घेऊन एक सावळा तरुण पायरीवर निवांत वाचत बसलेला.

"मॅडम, एकशेचाळिसाव्या ओळीत चूक आहे," तो म्हणाला.

"ओळख ना पाळख, आणि चूक काढताय?" मंजुळाने कागद हिसकावला. पण नजर गेलीच त्या ओळीवर. होती मेली चूक!

तो हसला... आणि वागळे इस्टेटच्या त्या कळकट जिन्यात मंजुळाला उगीचच ओढणी सावरावीशी वाटली.

तो जगन. कळव्याचा. प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या नोकरीवर त्या दिवशी रुजू व्हायला आलेला. साल १९९५. कल्याणच्या एका खाजगी इस्पितळाची सगळी नोंदणी कॉम्प्युटरवर आणायचं काम कंपनीला मिळालेलं, आणि पाच जणांच्या टीमची प्रमुख होती मंजुळा, बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या दामाजी तांडेलाची लेक. हुशार म्हणजे किती, विचारू नका! पण एक खोड भारी वाईट. दुसऱ्याचं काम तिला पटायचंच नाही. डोंबिवलीचा परशुराम आठवडाभर खपून प्रोग्राम लिहायचा, आणि ही बया तो पुसून एका दुपारी नवा लिहून मोकळी! परशुराम बिचारा आताशा बोलायचाच बंद झालेला.

महिन्याभरात जगनच्या तोंडचं मॅडम-बिडम गळून पडलं, तेव्हा त्याने तिला गाठलंच. "परशुरामचा प्रोग्राम तूच परत लिहिलास ना?"

"वेळ वाचला."

"वेळ वाचला, माणूस गेला."

मंजुळाला झोंबलं. "मग काय हात बांधून बसू?"

"बांधायचे कशाला? हे धर." त्याने तिच्या दोन्ही हातांत चहाचा गरम पेला दिला. "कुणाच्या मागे उभी राहिलीस की हा धरायचा. बोल हवं तेवढं. की-बोर्डला हात लावायचा नाही."

"आणि चहा संपला तर?"

"मी आहे ना... आणेन दुसरा."

मंजुळाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चहामुळे हो, दुसरं काय!

दिवसाला सात-सात चहा झाले. पित्त झालं. पण टीम बोलायला लागली! एकाचं काम दुसऱ्याने वाचायचं, असा नेमच पडला. टीममधली सगळ्यात धाकटी मंदाकिनी परशुरामच्या चुका काढायची, परशुराम तिच्या, आणि दोघं खिदळायचे. मंजुळा पेला धरून उभी, आणि जगन लांबून तिच्याकडे बघत असायचा. तिला ते कळायचं. ती मुद्दाम बघायची नाही.

मग इस्पितळाच्या ट्रस्टींनी कॉम्प्युटरवरच्या नोंदणीच्या उद्घाटनाला शुभ दिवस काढला. नेमकी नारळी पौर्णिमा!

"गो पोरी, औंदा तरी येशील का?" बाबांनी विचारलं. "दोन वरसां तू नाय."

मंजुळाने रजेचा अर्ज दिला. कंपनीचे मालक अण्णा उडालेच. "डोकं फिरलंय का तुझं? तू नसताना काम फसलं तर ठेका जाईल. मग मी ही टीम मोडणार. पाचही जण घरी!"

तरी तिने अर्ज मागे घेतला नाही. बाहेर येऊन ती जगनला म्हणाली, "अडलं तर आमच्या वाण्याकडे फोन कर. लगेच निघते मी."

"नाही करणार."

"जगन!"

"चार महिने चहा कशाला पाजला तुला? आमच्यावर विश्वास आहे की नाही?"

"आहे... पण भीती वाटते रे."

"मलाही वाटते," तो म्हणाला. त्याने तिची बोटं क्षणभर हातात घेतली... आणि पटकन सोडली.

पौर्णिमेला बाळकुमची खाडी नुसती दणाणत होती. बेंडबाजा काय, हिरव्यागार साड्या काय, सोनेरी कागदाने मढवलेला नारळ काय! मंजुळा नाचत होती, पण डोळे वाण्याच्या फोनवर. बारा वाजले. दोन वाजले. चार वाजता वाणी ओरडला, "मंजे, फोन!"

तिने धावत जाऊन रिसीव्हर उचलला, तर पलीकडे परशुराम. तोंड न उघडणारा परशुराम, आणि थांबेच ना!

"मॅडम, सकाळी घोळ झालेला. बाळंतिणींची नावं! कुणी मागे माहेरचं नाव सांगितलेलं, आता सासरचं. एकाच बाईचे दोन-दोन कागद निघायला लागले. डॉक्टर भडकलेले. मग नोंदणीच्या खिडकीवरच्या हौसाबाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, अरे, आम्ही दोन्ही नावं विचारून शोधतो. मी तशी सोय केली, मंदाकिनीने वाचून तीन चुका काढल्या, आणि तीन वाजता सगळं सुरू! ट्रस्टींनी सही दिली, मॅडम. पुढच्या दोन वर्षांचं काम पण आपलंच!"

मंजुळा तिथेच गोणीवर बसली आणि हमसून हमसून रडली. आनंदाने हो!

उन्हं उतरताना माजिवड्याहून रिक्षा आली. जगन उतरला. बूट चिखलात, चेहरा नुसता फुललेला.

"माहेर-सासरचं तुला सुचलं असतं?"

"नसतं सुचलं," ती म्हणाली. "मी असते तर परशुरामला बाजूला सारून चुकीचंच काहीतरी लिहीत बसले असते."

"टीमला तुझी गरज पडली नाही. वाईट वाटलं?"

"थोडं." ती हसली. "जगन... मला पण तुझी गरज नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"खरंच नाही. माझं मी सगळं करीन, निभावून नेईन. तरीही तू हवायस. रोज. जन्मभर."

एवढ्यात होडी काठावर ओढणारे दामाजी थांबले. "हा कोन गो पोरी?"

"बाबा, हा जगन. याच्याशी लग्न करायचं म्हणतेय मी."

"त्याला इचारलंस का?"

"आत्ताच विचारतेय."

"हो!" जगन इतक्या जोरात ओरडला की बेंडवालेसुद्धा वळून बघायला लागले.

दामाजींनी त्याला डोक्यापासून चिखलाच्या बुटांपर्यंत न्याहाळलं, आणि होडीचा दोर त्याच्यापुढे टाकला. "मंग उभा काय ऱ्हायलास? धर!"

जगनने दोर धरला. मंजुळाने त्याच्या शेजारी, त्याच दोराला हात घातला, आणि होडी वर आली.