कपामागची बोटं

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. हे माझ्या घरात घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या आधीची गोष्ट. वसई गावात माझ्या नवऱ्याचं, ज्युलियसचं, जुन्या वस्तूंचं दुकान होतं. इंग्लिश चिनी मातीची भांडी म्हणजे त्याचा जीव. पण मुंबईचे शौकीन लोक यायचे बंद झाले होते.

"मार्केट बघताय ना? आता नको," फोनवर एवढंच म्हणायचे.

दुकान बंद पडायला आलं होतं. त्यातच शेजारच्या गिरीज गावच्या ॲन्सेल्मने त्याच्या मावशीचा टी-सेट विकायला काढला. निळ्या फुलांचा, कुठे टवका नाही. सालोमी मावशी नुकतीच वारली होती.

माझ्या बांगड्या मोडून ज्युलियसने तो घेतला.

"जीना, हा विकला गेला की आपण वाचलो."

दुसऱ्याच दिवशी दुपारी मनोरमाबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. अस्सल माल ओळखायची एक रीत असते. कप उजेडासमोर धरायचा, मागे बोटं ठेवायची. बोटांची सावली आरपार दिसते.

त्यांनी कपाचा कान धरून तो खिडकीकडे उचलला.

बोटं दिसली... वाकडी, म्हाताऱ्या माणसाची असावीत तशी.

मनोरमाबाईंचा दुसरा हात पर्सवर होता.

कपामागे कोणीच नव्हतं.

आणि मग ती बोटं हलली... कप घट्ट धरावा, तशी.

बाईंनी कप खाली ठेवला आणि तडक निघून गेल्या.

आम्ही तसेच सेट घेऊन गिरीजला गेलो. ॲन्सेल्मने दारच उघडलं नाही. खिडकीतूनच बोलला.

"परत घे रे," ज्युलियस हात जोडून म्हणाला. "पैसे सवडीने दे."

"नाय बाबा. घरात नको परत." मग त्याचा आवाज खाली गेला. "शेवटी शेवटी मावशी याच कपातून चहा मागायची. आम्ही स्टीलच्या पेल्यातून द्यायचो. एक कप फुटला तर सेटला कोण विचारतं?"

घरी आल्यावर मी म्हटलं, "फोडून टाक."

ज्युलियसने वरवंटा उचलला. तसाच खाली ठेवला.

"फोडला तर आपल्याकडे राहील काय, जीना?"

मग त्याने चहा केला. त्या कपात ओतून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"पी मावशी. पण आम्हाला जगू दे."

आम्ही बाहेरच्या खोलीत रोजरीची प्रार्थना म्हणत बसलो. आत काहीच आवाज नाही...

परत आलो तेव्हा चहा होता तेवढाच होता. थंडगार. वर जाड साय धरलेली.

फक्त एका कडेला ती मोडली होती... ओठ लावल्यासारखी.

आता दुकान बंद आहे. ज्युलियस काम शोधत नाही. रोज दुपारी त्या कपात चहा ओतून स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसतो.

परवा मी बाजारात असताना माझ्या मोबाइलवर एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सेट हवाय म्हणाला, भावही चांगला देत होता. मी आनंदाने रडतच ज्युलियसला सांगायला घरी धावले.

स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले.

आतून त्याचा हळू आवाज येत होता. मग तो गप्प झाला... समोरचं माणूस बोलतंय आणि हा ऐकतोय, असा.

मग म्हणाला,

"नाही मावशी. आत्ता फोन आला ना, त्यालाही नाही विकत."

मी अजून दारावर थापही मारली नव्हती.